हरणाचे मटण आणि मेंदूचा आजार

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी सपत्नीक आले. दोघांचीही तब्येत ठणठणीत होती. रक्तदाब मागच्याच आठवड्यात तपासून झाला होता. बाईंनी पिशवीतून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. पडद्यावर एका हरणाचे छायाचित्र होते. बरगड्या मोजता याव्यात इतके ते वाळलेले, मान खाली गेलेली, तोंडातून लाळ गळत असलेली. वर मथळा होता, ‘अमेरिकेत झोंबी हरणांचा धुमाकूळ’.

‘डॉक्टर, आमची लेक तिकडे विस्कॉन्सिन राज्यात असते,’ गुरुजी म्हणाले. ‘जावयांच्या कचेरीतला एक गृहस्थ शिकारीला जातो. दर नोव्हेंबरात तो हरणाचे मटण आणून देतो. मागच्या वर्षीही दिले. लेकीने आपल्या पद्धतीने वाटण लावून रस्सा केला, नातवंडांनी चवीने खाल्ला. आता हे वाचल्यापासून ही चार रात्री झोपलेली नाही.’

बाईंचा प्रश्न त्याहून सरळ होता. ‘पोरांच्या मेंदूला काही होईल का हो?’

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला ‘नाही’ म्हणून मोकळे होता आले असते. पण या विषयात ‘नाही’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो, हे मला ठाऊक होते. ‘चार दिवस द्या, नीट वाचून सांगतो,’ असे म्हणून मी त्यांना धीर दिला. आपल्या जिल्ह्यातली बरीच मुले आज अमेरिका-कॅनडात आहेत. तेव्हा जे गुरुजींना सांगितले, तेच आज सर्व वाचकांसाठी लिहीत आहे.

हरणांचा झिजरोग

या रोगाचे इंग्रजी नाव ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’. म्हणजे जनावराला दीर्घकाळ झिजवत नेणारा रोग. मराठीत ‘क्षय’ म्हटले तर टीबीशी गल्लत होईल, म्हणून आपण त्याला झिजरोग म्हणू. हरीण, एल्क (हा आपल्या सांबराच्या कुळातला मोठा प्राणी), मूस आणि रेनडिअर यांना तो होतो.

१९६७ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स येथील वन्यजीव संशोधन केंद्रात पाळलेली काही हरणे कारण न कळता खंगून मरू लागली. सुरुवातीला वाटले, पिंजऱ्यातला ताण किंवा चाऱ्यातली उणीव असेल. एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्यक विदुषीने मेलेल्या हरणांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत स्पंजासारखी बारीक छिद्रे दिसली. हा मेंदूचा संसर्गजन्य रोग आहे, हे १९७८ मध्ये ध्यानात आले. पुढे १९८१ मध्ये कोलोरॅडोतच रानातल्या मोकळ्या एल्कमध्येही तो सापडला.

बाधा झाल्यावर साधारण दीड-दोन वर्षे जनावर अगदी निरोगी दिसते. मग ते वाळू लागते, कान पाडून उभे राहते, अडखळत चालते, सारखे पाणी पिते, लाळ गाळते आणि माणसाला भिणे विसरते. एकदा लक्षणे दिसू लागली की मरण निश्चित. औषध नाही, लसही नाही. वर्तमानपत्रांनी ‘झोंबी’ हे नाव दिले ते या शेवटच्या अवस्थेवरून. माझ्या मते हे नाव घातक आहे, कारण त्यामुळे रोगी हरीण नेहमी तसेच भयानक दिसते अशी समजूत होते. प्रत्यक्षात शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडणारे बहुतेक बाधित हरीण दिसायला धडधाकट असते. धोक्याची मेख तिथेच आहे.

आज अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत हा रोग पोहोचला आहे. कॅनडातून आणलेल्या एल्कबरोबर तो दक्षिण कोरियात गेला. २०१६ मध्ये नॉर्वेतील रानटी रेनडिअरमध्ये आढळला, तेव्हा तिथल्या सरकारने तो संपूर्ण कळप, दोन हजारांवर जनावरे, मारून टाकला. २०२३ मध्ये यलोस्टोन या जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानातही त्याची पहिली नोंद झाली. गुरुजींची लेक राहते त्या विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली सापडला. त्या राज्याच्या नैऋत्येकडील काही भागांत तर आता प्रौढ नरांपैकी एकतृतीयांशाहून अधिक हरणे बाधित आढळतात.

जिवाणू नव्हे, विषाणू नव्हे

हा रोग कशाने होतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे सारे व्यर्थ आहे. टायफॉइड जिवाणूने होतो, रेबीज विषाणूने. या दोहोंना स्वतःची जनुकीय सामग्री असते, म्हणून ते वाढतात. झिजरोगाला कारण ठरणारा ‘प्रिऑन’ मात्र निव्वळ एक प्रथिन आहे, आणि तेही बाहेरून आलेले परके प्रथिन नव्हे. प्रत्येक सस्तन प्राण्याच्या मेंदूत ते जन्मतः असतेच. फक्त त्याची घडी विशिष्ट प्रकारची असते. ती घडी चुकली की ते रोगकारक बनते आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखीच चुकीची घडी पाडते.

आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण लावले की सकाळपर्यंत सगळ्याचे दही होते. प्रिऑनचे काम साधारण असेच चालते. फरक एवढाच की विरजणात जिवंत जिवाणू असतात, प्रिऑनमध्ये जिवंत असे काहीच नसते. १९८२ मध्ये स्टॅन्ले प्रुसिनर यांनी ही कल्पना मांडली आणि ‘प्रिऑन’ हे नाव दिले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी ती उडवून लावली. १९९७ मध्ये याच कामासाठी त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जे जिवंतच नाही, ते मारायचे कसे? इथे आपले नेहमीचे उपाय थिटे पडतात. मांस कितीही शिजवले, कुकरच्या दहा शिट्ट्या काढल्या, तरी प्रिऑन नष्ट होत नाही. बाधित हरणाच्या लाळेतून, लघवीतून, विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि तिथे वर्षानुवर्षे टिकतो. फोर्ट कॉलिन्सच्या केंद्रात १९८५ मध्ये रोगाच्या उच्चाटनाचा प्रयत्न झाला. होती ती सारी जनावरे मारली, जमीन नांगरली, तिच्यावर क्लोरीनयुक्त औषध फवारले आणि जागा वर्षभर रिकामी ठेवली. नंतर तिथे नवी निरोगी एल्क आणून सोडली. काही वर्षांतच त्यांतल्या काहींना झिजरोग झाला.

माणसाला होतो काय?

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. हरणाच्या झिजरोगामुळे माणूस आजारी पडल्याचे आजवर जगात एकही सिद्ध झालेले उदाहरण नाही. हे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे, कारण भीतीच्या बातम्यांत नेमके हेच गाळले जाते.

ही केवळ समजूत नाही, याला आधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील व्हेरोना या गावी मार्च २००५ मध्ये अग्निशामक दलाच्या मदतीसाठी हरणाच्या मांसाची मोठी मेजवानी झाली. वाढलेल्या हरणांपैकी एकाला झिजरोग असल्याचा अहवाल जेवणावळ उठल्यानंतर हाती पडला! जेवणाऱ्यांपैकी ८१ जणांनी आरोग्य खात्याच्या पाहणीत भाग घेतला. सहा वर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. या रोगाशी जोडता येईल असा कोणताही बिघाड आढळला नाही.

शिवाय एका जातीच्या प्राण्याचा प्रिऑन दुसऱ्या जातीला सहसा सहजी बाधत नाही. गाईच्या दह्याचे विरजण म्हशीच्या दुधाला लागते, पण नारळाच्या दुधाला तेच लावून तसेच दही होईल याची खात्री नाही. तसेच हे आहे. दोन जातींच्या प्रथिनांची घडण जितकी वेगळी, तितका अडसर मोठा. मेंढ्यांना ‘स्क्रेपी’ नावाचा असाच रोग होतो. युरोपात तो अडीचशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे, पण मेंढीचे मांस खाऊन तो माणसाला झाल्याचे कधी दिसलेले नाही. २०२४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवलेले मानवी मेंदूच्या पेशींचे गोळे हरणाच्या प्रिऑनच्या संपर्कात सात दिवस ठेवले आणि सहा महिने तपासले. त्यांना बाधा झाली नाही.

मग प्रश्न मिटला का? नाही. या अडसराची उंची किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांना प्रयोगात हा रोग झालेला आहे. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाची चुलत भावंडे असलेली मकाक माकडे माणसाला अधिक जवळची. त्यांच्याविषयी दोन उलटसुलट निष्कर्ष आहेत. बाधित मांस खाऊ घातलेल्या मकाकांमध्ये रोगाच्या खुणा दिसल्याचे कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये सांगितले. अमेरिकेतील रॉकी माउंटन प्रयोगशाळेने २०१८ मध्ये जाहीर केले की, तेरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवूनही त्यांच्या मकाकांमध्ये काही आढळले नाही.

२०२४ मध्ये आणखी एक बातमी गाजली. हरणाचे मांस खाणारे दोन शिकारी मित्र ‘क्रॉइट्झफेल्ट-याकोब’ या मेंदूच्या रोगाने दगावले, तेव्हा हरणाकडून तर तो आला नाही ना, अशी शंका काही डॉक्टरांनी मांडली. हा रोग माणसातला प्रिऑनचा रोग आहे. मात्र तो जगभर, हरीण कधी न पाहिलेल्या माणसांनाही, दर दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना आपोआप होतो. अमेरिकेत एक कोटीहून अधिक लोक शिकार करतात. त्यांच्यातही दर वर्षी काहींना तो होणारच. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. या दोन मृत्यूंचा हरणाशी संबंध सिद्ध झालेला नाही.

ब्रिटनने शिकवलेला धडा

इतके सगळे वाचून कुणी म्हणेल, ‘मग खा की बिनधास्त!’ तसे मी म्हणणार नाही. त्याचे कारण ब्रिटनमध्ये घडले.

१९८६ मध्ये तिथल्या गाईंमध्ये नवा मेंदूरोग ओळखला गेला. लोक त्याला ‘मॅड काऊ’ म्हणू लागले. मेलेल्या जनावरांच्या मांसाची व हाडांची भुकटी गुरांच्या खाद्यात मिसळल्याने तो पसरला होता. स्क्रेपी माणसाला होत नाही, तेव्हा हाही होणार नाही, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या चिमुकल्या मुलीला बीफबर्गर देऊन, मांस सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला संसदेत सांगावे लागले की, तरुण रुग्णांमध्ये दिसलेल्या एका नव्या मेंदूरोगाचे सर्वांत संभाव्य कारण हे गोमांस आहे. ब्रिटनमध्ये या रोगाने एकूण १७८ माणसे मेली. त्यांत विशी-तिशीतली मुलेमुली पुष्कळ होती.

‘पुरावा नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन वाक्ये एकच नव्हेत, हे या प्रकरणाने जगाला शिकवले. त्यात या रोगांची गती अतिशय संथ. पापुआ न्यू गिनीतील फोरे जमातीत मृत आप्तांचे शरीर खाण्याच्या विधीतून ‘कुरू’ नावाचा प्रिऑनचा रोग पसरला होता. ती प्रथा १९५० च्या दशकात थांबली, तरी काही रुग्णांत तो पन्नास वर्षे दडून मग प्रकटला. म्हणून व्हेरोनाच्या सहा वर्षांनी दिलासा मिळतो, पण शेवटचा निकाल लागत नाही.

उलट बाजूनेही प्रमाण राखले पाहिजे. ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक गाई रोगी ठरल्या आणि कोट्यवधी लोकांनी ते मांस खाल्ले, तरी मृत्यू १७८ झाले. झिजरोगाची हरणेही लोक दीर्घकाळ खात आले आहेत. अमेरिकेतील एका संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार वर्षाला ७ ते १५ हजार बाधित जनावरे लोकांच्या ताटात जातात. इतके होऊनही मानवी रुग्ण सिद्ध झालेला नाही. म्हणजे धोका असलाच तर तो लहान आहे. पण तो टाळण्यासाठी फक्त मांस तपासून घ्यावे लागत असेल, तर न टाळण्यात शहाणपण नाही. प्राण्यांच्या कोणत्याही प्रिऑन रोगाचे कारक माणसाच्या अन्नात येऊ देऊ नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना १९९७ पासून देत आहे.

परदेशी असलेल्या मुलाबाळांना कळवा

१. कुणी हरणाचे किंवा एल्कचे मांस दिले, तर दोन प्रश्न विचारा. ते कोणत्या भागातले आहे? तपासणी झाली आहे का? रोग असलेल्या भागातले असेल तर तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत खाऊ नका. विचारण्यात संकोच नको. तिकडचे जाणते शिकारी स्वतःच तपासणी करून घेतात, आणि विस्कॉन्सिनसारख्या राज्यात ती विनामूल्य होते.

२. निकाल ‘बाधित’ असा आला तर ते मांस खाऊ नका. थोडेसे, चवीपुरते, हे इथे चालत नाही. जास्त शिजवून भागत नाही.

३. आपल्याकडे बोकडाचा भेजा आवडीने खातात. हरणाच्या बाबतीत ही आवड सोडा. मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि मानेतल्या गाठी यांत प्रिऑन सर्वांत जास्त असतो. मात्र तो मांसातही सापडतो, म्हणून भेजा टाकून दिला की उरलेले बिनधोक, असे समजू नका.

४. खाटीकखान्यात अनेक शिकाऱ्यांच्या हरणांचा खिमा एकत्र होतो. आपले जनावर वेगळे कापून मागावे.

५. स्वतः कापण्याची वेळ आली तर रबरी हातमोजे घाला आणि घरातली रोजची सुरी वापरू नका. कापल्यानंतर हत्यारे आधी खरवडून स्वच्छ धुवा, मग घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटे बुडवा. याने पोलादाच्या पृष्ठभागावरचा प्रिऑन निकामी होतो. मांसाच्या तुकड्याच्या आतला होत नाही.

६. वाळलेले, अडखळणारे किंवा माणसाला न भिणारे हरीण दिसले तर जवळ जाऊ नका, हात लावू नका. तिथल्या वन्यजीव खात्याला कळवा.

आपल्याकडे काय? भारतातल्या हरणांमध्ये हा रोग आढळल्याची नोंद नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा ‘रानातले मटण’ कुणी आणून दिले तर ते नाकारणे एवढेच आपले काम. बाजारातल्या बोकडाच्या मटणाचा या रोगाशी काही संबंध नाही. रविवारचा बेत बदलण्याचे कारण नाही. आणि मेंदूच्या ज्या रोगाने आपल्याकडे खरोखर माणसे मरतात तो रेबीज आहे. त्यावर लस आहे, तरीही कुत्रा चावल्यावर हळद-मिरची लावून घरी बसणारे अजून भेटतात. अमेरिकेतल्या हरणाने ज्यांची झोप उडवली, त्यांनी ही गोष्टही मनावर घ्यावी.

गुरुजी चार दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा त्यांनी लेकीशी बोलून घेतले होते. ते मांस नैऋत्य विस्कॉन्सिनमधलेच निघाले. तपासणी केलेली नव्हती, कारण ‘हरीण चांगले तगडे होते’. बर्फाच्या कपाटात अजून दोन पाकिटे शिल्लक होती. मी सांगितले, ‘ती घट्ट पिशवीत बांधून नगरपालिकेच्या कचऱ्यात द्यायला सांगा. परसातल्या खतखड्ड्यात टाकायची नाहीत. पुढच्या नोव्हेंबरात त्या गृहस्थांना म्हणावे, आधी तपासणी, मग भेट.’

बाई तेवढ्यावर समाधानी नव्हत्या. ‘आणि जे पोटात गेले त्याचे काय? रक्त तपासून घेऊ दे का पोरांचे?’

‘त्यासाठी रक्ताची तपासणी नाही, बाई, आणि द्यायला औषधही नाही,’ मी म्हणालो. ‘हजारो लोकांनी आजवर असे मांस खाल्ले आहे आणि त्यामुळे कुणी आजारी पडल्याचे सिद्ध झालेले नाही. ते हरीण बाधित होते की नव्हते, हेही आपल्याला ठाऊक नाही. झाले ते सोडून द्या. नातवंडांना घाबरवू नका. पुढे मात्र विचारल्याशिवाय खायचे नाही.’

त्यांनी मान डोलावली. मोबाइलमधले ते हरणाचे चित्र गुरुजींनी माझ्यासमोरच पुसून टाकले. जाताना बाईंनी विचारले, ‘तुम्ही सांगितलेले सगळे कागदावर लिहून द्याल का? लेकीला फोटो काढून पाठवते.’ मी लिहून दिले. वर दिलेली यादी तीच आहे.